सिप्रो, लिव्हो आणि ‘भारी गोळी’चा गैरसमज

कापसाची वेचणी जोरात होती. सकाळी शटर वर केलं तेव्हा काउंटरपाशी आमच्या शेजारच्या गावचे एक काका उभेच होते. गळ्यात उपरणं, हातात कापडी पिशवी. त्यांनी पिशवीतून दोन स्ट्रिप काढून काचेवर ठेवल्या. एक सिप्रोफ्लॉक्सासिन ५०० ची, पूर्ण रिकामी. दुसरी लिव्होफ्लॉक्सासिन ५०० ची, तिच्यात अजून तीन गोळ्या शिल्लक.

“भाऊ, यातली भारी कोन्ती हाय? तेच देजा. खोकला काई जात नाई.”

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका बाजाराच्या गावात मी बरीच वर्षं मेडिकल चालवतो. हा प्रश्न मला आठवड्यातून दोन-तीनदा तरी ऐकू येतो. कोणी लघवीच्या जळजळीसाठी विचारतं, कोणी तापासाठी, कोणी हगवणीसाठी. सगळ्यांच्या मनात एक शिडी असते: साधी गोळी, मग सिप्रो, मग लिव्हो, मग सलाईन. खालची पायरी चालली नाही तर वरची घ्यायची. ही शिडी खरी नाही आणि तिच्यापायी लोकांचं फार नुकसान होतं. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

दोन्ही गोळ्या एकाच घराण्यातल्या. घराण्याचं नाव फ्लुरोक्विनोलोन. त्याचा मूळपुरुष नॅलिडिक्सिक ॲसिड, १९६२ सालचा. मलेरियाची क्लोरोक्विन बनवताना एक जोडपदार्थ हाती लागला आणि त्यातून तो निघाला. तो लघवीतल्या जंतूंपुरताच कामाचा होता. पुढे त्याच्या रचनेत फ्लोरिनचा एक अणू जोडला गेला आणि औषधाची ताकद कितीतरी वाढली. सिप्रो जर्मनीतल्या बायर कंपनीनं शोधली, १९८७ मध्ये ती अमेरिकेच्या बाजारात आली. लिव्हो जपानची. तिची गंमत अशी की ती आधीच्या ओफ्लॉक्सासिनमधूनच वेगळी काढली आहे. ओफ्लॉक्सासिनचे रेणू चपलेच्या जोडासारखे असतात, निम्मे उजव्या पायाचे आणि निम्मे डाव्या पायाचे. जंतूला बसते ती जवळपास फक्त डावी. मग उजवी पोटात कशाला ढकलायची, म्हणून निव्वळ डाव्या वेगळ्या केल्या. ‘लिव्हो’ या शब्दातही डावेपणच आहे. जपानमध्ये ती १९९३ ला आली, अमेरिकेत १९९६ ला.

आता या गोळ्या जंतूला मारतात कशा, ते पाहू. आपल्याकडे अंबाडीची दोरी वळताना ज्यांनी पाहिली असेल त्यांना हे लगेच समजेल. दोन पदरांची पीळदार दोरी घ्या आणि एका टोकाकडून पदर सुटे करत चला. जसजसे पुढे जाल तसतसा पुढचा पीळ घट्ट होत जातो, दोरी स्वतःभोवती वेटोळी घेते आणि शेवटी हात अडतो. जंतूचा डीएनए अशीच दोन पदरी दोरी आहे. लघवीच्या संसर्गात बहुतेक वेळा सापडणारा ई. कोलाय हा जंतू मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाएवढा, पण त्याच्या पोटातली दोरी सरळ केली तर दीड मिलिमीटर भरेल. स्वतःच्या लांबीच्या सात-आठशे पट! एवढी दोरी एवढ्याशा जागेत ठेवायची, आणि दर वाढीच्या वेळी पदर सोडवून तिची नक्कलही करायची.

त्यासाठी जंतूकडे दोन कारागीर असतात. पहिल्याचं नाव गायरेज. पीळ जास्त झाला की तो दोरी कापतो, कापलेल्या फटीतून दुसरा भाग पलीकडे काढतो आणि दोरी पुन्हा सांधतो. पीळ उतरतो. दुसरा टोपोआयसोमरेज चार. नक्कल झाल्यावर नवी-जुनी दोरी बैलाच्या साखळीच्या कड्यांसारखी एकमेकींत अडकलेली असते, ती हा सोडवतो. सिप्रो आणि लिव्हो नेमक्या कापलेल्या क्षणी त्या जागी जाऊन बसतात. कारागिराला दोरी सांधता येत नाही. जंतूच्या डीएनएला जागोजागी तुटकी टोकं राहतात आणि तो मरतो. आपल्या पेशींतही याच्या जातीचा एक कारागीर आहे, पण त्याची घडण वेगळी असल्यामुळे औषधाच्या नेहमीच्या मात्रेत तो सहसा हाती लागत नाही.

म्हणजे हत्यार एकच. मग फरक कुठे?

फरक आहे तो कोणत्या जंतूवर जोर आहे आणि औषध शरीरात कुठे, किती वेळ राहतं यात. सिप्रोचा जोर आतड्यातल्या आणि लघवीतल्या जंतूंवर. स्युडोमोनास नावाचा एक चिवट जंतू आहे. मधुमेह्याच्या पायाच्या जखमेत, जुन्या वाहत्या कानात, बरेच दिवस नळी घातलेल्या रुग्णाच्या लघवीत तो भेटतो. त्याच्यावर तोंडानं घ्यायच्या गोळ्या फार थोड्या आहेत आणि त्यांत सिप्रो वरच्या जागी आहे. पण न्यूमोनियाचा नेहमीचा जंतू न्यूमोकॉकस, त्याच्यापुढे सिप्रो लंगडी पडते. छातीच्या संसर्गाला नुसती सिप्रो देणं हा चुकीचा उपचार, पण गावात तो सर्रास चालतो.

लिव्होचं उलट. फुफ्फुसात ती चांगली पोहोचते, न्यूमोकॉकसवर चालते, न्यूमोनियाच्या इतर काही आडवळणाच्या जंतूंवरही चालते. म्हणून तिला श्वसनमार्गाची क्विनोलोन म्हणतात. स्युडोमोनासवर मात्र तिची पकड सिप्रोपेक्षा थोडी कमी.

सिप्रोची गोळी घेतली की साधारण सत्तर टक्के रक्तात उतरते, लिव्हो जवळपास सगळीच उतरते. सिप्रोचा जोर चारेक तासांत निम्मा होतो, लिव्होचा सहा ते आठ तासांत. म्हणून सिप्रो दिवसातून दोनदा आणि लिव्हो एकदाच. ‘एकच गोळी घ्यायची म्हणजे ती जास्त भारी’ हा समज इथूनच आला असावा. ती जास्त वेळ टिकते, एवढंच. आणि हेच वयस्कर माणसाच्या अंगाशीही येऊ शकतं, कारण लिव्हो जवळजवळ सगळी किडनीवाटे बाहेर पडते. सिप्रोला किडनीखेरीज लिव्हर आणि आतड्याची वाटही असते. ज्याचं क्रिएटिनिन (किडनीचं काम मंदावल्याची रक्तातली खूण) वाढलेलं आहे त्याला लिव्हो द्यायची तर मात्रा कमी करावी लागते किंवा दोन गोळ्यांमधलं अंतर वाढवावं लागतं. सिप्रोचीही काळजी घ्यावी लागते, पण लिव्होची जास्त. हे गणित डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट पाहून करायचं, मेडिकलवाल्यानं चेहरा पाहून नव्हे.

आता त्या शिडीकडे येतो. सिप्रो घेऊन गुण आला नाही तर लोक लिव्हो मागतात. पण जंतूनं त्या कारागिराचा आकारच थोडा बदलला असेल, तर सिप्रोला जशी बसायला जागा उरत नाही तशी लिव्होलाही सहसा उरत नाही. एका घराला दोन किल्ल्या आहेत आणि मालकानं कुलूपच बदललं, तर दुसरी किल्ली लावून काय होणार? अशा वेळी लागतं ते वेगळ्या घराण्याचं औषध, आणि ते कोणतं हे लघवीचं किंवा रक्ताचं कल्चर, म्हणजे जंतू वाढवून त्यांवर कोणतं औषध चालतं ते पाहणारी तपासणी, सांगतं. आपल्या देशातल्या रुग्णालयांत लघवीच्या ज्या ई. कोलायचं कल्चर होतं, त्यांतले अर्ध्याहून जास्त आता सिप्रोला दाद देत नाहीत. टायफॉइडचंही तेच झालंय. एके काळी सिप्रो म्हणजे टायफॉइडचं हमखास औषध होतं. आज भारतातल्या टायफॉइडच्या बहुतेक जंतूंवर ती भरवशाची राहिलेली नाही, डॉक्टर सेफालोस्पोरिन किंवा अझिथ्रोमायसिनकडे वळले आहेत. तरी विडाल टेस्टचा कागद घेऊन ‘टायफाइड निंगाला, सिप्रो द्या’ म्हणणारे अजून येतात. एकट्या विडालच्या कागदावर टायफॉइड ठरवणंच मुळात कच्चं काम आहे, पण तो वेगळा विषय.

पावसाळ्यानंतरच्या तापाबद्दल मात्र थांबून सांगायला हवं. २०१८ साली नागपूर आणि आसपासच्या भागात स्क्रब टायफसचे रुग्ण मोठ्या संख्येनं सापडले, काही दगावले. गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्यातून हा ताप येतो. काखेत, जांघेत, कमरेच्या नाडीखाली बिडीचा चटका बसल्यासारखा काळा डाग असू शकतो. तो दुखत नाही, म्हणून कुणी दाखवत नाही. या आजारावर सिप्रोचा आणि लिव्होचा भरवसा धरता येत नाही. त्याचं औषध डॉक्सिसायक्लिन, आणि ते वेळेत मिळालं तर माणूस दोन-तीन दिवसांत उठून बसतो. सोयाबीन काढून आलेला माणूस आठ दिवस तापात लिव्हो खात राहिला, तर गेलेले आठ दिवस परत येत नाहीत.

सगळ्यात जास्त जीव तुटतो तो टीबीसाठी. लिव्हो टीबीच्या जंतूवरही चालते. ऐकायला हे चांगलं वाटतं, पण धोका तिथेच आहे. साधी औषधं ज्या टीबीवर चालत नाहीत, तो एमडीआर टीबी. त्याच्या उपचारात लिव्हो आणि तिची बहीण मॉक्सिफ्लॉक्सासिन हे मोठे आधार आहेत. आता समजा, कुणाला टीबी झालाय पण तपासणी झालेली नाही, आणि ‘छातीत कफ आहे’ म्हणून पाच दिवस लिव्हो दिली. काही जंतू मरतात, खोकला कमी होतो, दोन दिवस भूकही लागते. थुंकीतले जंतू घटल्यामुळे तपासणी केली तरी टीबी हुकू शकतो. महिन्याभरात खोकला परत येतो, पुन्हा लिव्हो. तेवढ्या काळात घरातली नातवंडं त्याच खोलीत झोपत असतात. आणि जे जंतू मागे उरले त्यांनी लिव्होला ओळखून घेतलेलं असतं. एमडीआर टीबीनं फ्लुरोक्विनोलोनलाही दाद देणं सोडलं की त्याला प्री-एक्सडीआर म्हणतात. तो बरा करणं रुग्णालाही जड आणि डॉक्टरलाही. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर लिव्होच्या आधी थुंकीची तपासणी हवी, असं मी कळकळीनं म्हणतो ते याचसाठी. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट या तपासण्या सरकारी दवाखान्यात फुकट होतात.

कायद्यानंही लिव्होला शेड्यूल एच१ मध्ये घातलंय. २०१४ पासून अशा औषधांची विक्री वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहावी लागते, रुग्णाचं आणि डॉक्टरचं नाव टाकावं लागतं, ते रजिस्टर तीन वर्षं जपावं लागतं. सिप्रोही चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत दोघीही ‘जपून वापरा’च्या गटात आहेत. मी चिठ्ठी मागतो तेव्हा काही जण रागावून दुसऱ्या दुकानात जातात. गिऱ्हाईक जातं, त्याचं वाईट वाटतं. तरी मागतो.

आता घेताना काय होतं ते. या दोन्ही गोळ्यांना कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम, जस्त यांचं जणू वेड आहे. पोटात हे धातू भेटले की गोळी त्यांना चिकटून बसते आणि रक्तात न उतरता तशीच बाहेर जाते. आमच्या गावच्या एक वहिनी लघवीच्या संसर्गासाठी डॉक्टरांनी लिहिलेली सिप्रो नीट वेळेवर घेत होत्या आणि गुण येत नव्हता. मी त्यांना रोजच्या सगळ्या गोळ्या काउंटरवर मांडायला सांगितल्या. सकाळी चहानंतर एकाच घोटात सिप्रो, रक्तवाढीची लोहाची गोळी आणि कॅल्शियम. जेवणानंतर जळजळ होते म्हणून गुलाबी अँटासिड, मग रात्रीची सिप्रो. औषध बरोबर होतं, पण ते पोटातच अडत होतं. सिप्रो अशा गोळ्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावी. लिव्होला आधी-नंतर दोन-दोन तास पुरतात. नुसत्या दुधाच्या पेल्यासोबत सिप्रो घेऊ नये. लहान मुलांच्या हगवणीत जी जस्ताची गोळी देतात तिचंही हेच, पण लहान मुलांना या दोन्ही गोळ्या सहसा देतच नाहीत, सांध्यांच्या वाढीच्या काळजीमुळे. गरोदर बाईलाही टाळतात.

सिप्रोची एक खोड लिव्होत नाही. लिव्हरमधला एक रासायनिक गिरणीवाला काही औषधं दळून संपवत असतो, सिप्रो त्याचा हात धरून ठेवते. दम्याच्या जुन्या रुग्णांकडे डेरिफायलिन घरोघरी असते, तिच्यात थिओफायलिन आहे. सिप्रो सुरू केली की ते रक्तात साठत जातं. उलट्या, धडधड, क्वचित झटके. कंबरदुखीच्या कित्येक गोळ्यांत टिझॅनिडिन असतं. सिप्रोसोबत त्याचं रक्तातलं प्रमाण दहापटीच्या आसपास चढू शकतं, बीपी एकदम उतरतं. ही जोडी द्यायचीच नाही. सिप्रो चालू असताना चहाचा परिणामही जास्त होतो, झोप उडते. दम्याचा किंवा कंबरेचा इलाज सुरू असलेल्या माणसाला या बाबतीत लिव्हो सोयीची पडते. पण ज्याच्या हृदयाच्या ठोक्यांची लय आधीच बिघडलेली आहे, त्याला लिव्होचा धोका सिप्रोहून जास्त. आणि मधुमेहाची ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर दोघींपैकी कोणतीही घेताना साखर अचानक उतरू शकते, लिव्होत विशेष. उपाशीपोटी वेचणीला गेलेला म्हातारा माणूस धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, घाम येऊन, थरथरत, असंबद्ध बोलत बसला तर भूतबाधा समजू नका. आधी तोंडात साखर घाला.

टाचेची गोष्टही सांगतो. टाचेच्या मागून पोटरीकडे जी जाड कंडरा जाते, आपण जिला टाचेची शीर म्हणतो, ती या औषधांनी सुजू शकते, क्वचित तुटतेही. २००८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं याचा सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. पुढे हातापायांच्या नसांचाही इशारा आला. २०१६ मध्ये त्यांनी सांगितलं की सायनस, साधा ब्राँकायटिस आणि साधी लघवीची जळजळ यांत दुसरं औषध चालत असेल तर हे देऊ नका. साठीच्या पुढचं वय आणि सोबत स्टेरॉइड, या दोन गोष्टींनी कंडरेचा धोका वाढतो. आपल्या गावांत हे फार जवळचं आहे, कारण बिननावाच्या कागदी पुड्यांत चार रंगांच्या गोळ्या येतात आणि त्यांत एक बारीक पांढरी स्टेरॉइडची असते. त्याच पुडीत कधी कधी सिप्रो-लिव्होही असते. मी एका शेतकऱ्याला अशी पुडी चौथ्या दिवशी सोडायला लावली होती. शेतातल्या सारीत चालताना टाचेमागे काटा मोडल्यासारखं दुखतं, एवढंच तो सहज बोलून गेला होता. दुखू लागलं की गोळी बंद, पायावर जोर नको आणि थेट डॉक्टरकडे. मालिश तर अजिबात नको.

नवतपाच्या कडक उन्हाच्या दिवसांत या गोळ्या चालू असतील तर उन्हापासून जपावं. कातडी लवकर भाजते. आणि पाणी भरपूर प्यावं, सिप्रोचे बारीक खडे लघवीत बनू शकतात. फिट येणाऱ्या माणसानं डॉक्टरांना आधीच सांगावं.

कोंबड्यांच्या औषधात एन्रोफ्लॉक्सासिन असते, हेही जाता जाता. कोंबडीच्या अंगात तिची थोडी सिप्रोच बनते. पाण्यात ढवळून सरसकट पाजली की खुराड्यातले जंतूही सरावतात, आणि ते खुराड्यातच थांबत नाहीत.

तर, ते काका. मी त्यांना विचारलं, खोकला कधीपासून आहे? “पोळ्यापासून.” म्हणजे दोन महिन्यांच्या वर. वजन? विजार दोरीनं आवळली होती, तीच दाखवली. रात्री घाम येतो का? येतो. दुसऱ्या एका गावच्या दवाखान्यातून लिव्होची स्ट्रिप दोनदा मिळाली होती. प्रत्येक वेळी चार दिवस बरं वाटलं, म्हणून शेवटच्या तीन गोळ्या पुढच्या वेळेसाठी जपल्या होत्या.

मी म्हटलं, “काका, यातली एकही देत नाही. आधी थुंकी तपासा.” ते नाराज झाले. “गोळी मांगाले आलो, तुमी दवाखान्यात धाडता.” मी त्यांच्या गावच्या आशाताईंना तिथूनच फोन लावला. दुसऱ्या दिवशी त्या त्यांना ग्रामीण रुग्णालयात घेऊन गेल्या. झाकणाची डबी, सकाळची पहिली थुंकी, छातीचा फोटो. टीबी निघाला. नशिबानं रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला दाद देणारा, म्हणजे नेहमीच्या चार औषधांचा सहा महिन्यांचा कोर्स. त्यात सिप्रो नाही, लिव्हो नाही.

पुढच्या बाजाराच्या दिवशी काका पुन्हा आले, सोबत सून आणि दोन नातवंडं होती. घरातल्या सगळ्यांची तपासणी करून घ्यायला निघाले होते. जाता जाता त्यांनी पिशवीतून त्या तीन गोळ्या काढून काचेवर ठेवल्या आणि विचारलं, “ह्या परत घेता का भाऊ?”